नवीन लॅपटॉप घेतलाय? अँटिव्हायरस नंतर, आधी ब्राउझर आणि मेलचं बघू

कराडला माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. आठवड्यातून दोन-तीन जण तरी विचारतातच, मॅडम नवीन लॅपटॉप घेतलाय, अँटिव्हायरस कुठला टाकू? मी उलट विचारते की मेल कशात बघता आणि ब्राउझर, म्हणजे नेट बघायचा प्रोग्राम, कुठला वापरता, तर समोरचा म्हणतो "ते काय, असतंच की आत." ते जे आतच असतं ना, तिथूनच सगळी घाण येते. पूर्वी पेन ड्राईव्हमधून यायची, शॉर्टकट व्हायरसनी तर आमच्या धंद्यातल्या लोकांना रडवलं होतं, सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. आता बरंचसं येतं ते मेलच्या अटॅचमेंटमधून, नाहीतर ब्राउझरमधून आपणच हौसेनं डाऊनलोड केलेल्या फाईलमधून. म्हणून हे लिहितेय. अगदी नवीन माणसासाठी आहे, ज्यांना हे सगळं येतं त्यांनी हसू नये.

सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो डोक्यात ठेवा म्हणजे बाकीचं सोपं जातं: ही फाईल उघडणार कोण? जीमेलमध्ये बसूनच पीडीएफ बघितली तर ती गुगलच्या सर्व्हरवर उघडते आणि आपल्याला फक्त चित्र दिसतं. ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडली तर ब्राउझर तिला एका बंद खोलीत उघडतो, तिथून बाहेर पडून तुमच्या फाईलींना हात लावणं अशक्य नाही पण अवघड असतं. आणि डाऊनलोड करून डबल क्लिक केलं तर ती तुमच्या विंडोजवर उघडते, तुमच्या नावानं, तुमचे सगळे अधिकार घेऊन. मेल आणि ब्राउझर निवडायचा तो या हिशोबानं.

जुन्या लोकांना आठवत असेल, एकेकाळी सगळे सांगायचे की आउटलुक एक्सप्रेस आणि इंटरनेट एक्सप्लोरर सोडा. त्याला कारण होतं. ४ मे २००० ला फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा मेल सुटला, त्यातल्या फाईलच्या नावाच्या शेवटी होतं डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस. विंडोज फाईलच्या नावाचा शेवटचा तुकडा लपवतं, त्यामुळे लोकांना ती साधी टेक्स्ट फाईल वाटली, उघडली, आणि ती आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना आपोआप गेली. पुढच्या वर्षी निमडा आणि क्लेझ नावाचे व्हायरस आले, त्यात तर अपडेट न केलेल्या मशीनवर फाईल उघडायचीही गरज नव्हती, मेल नुसता समोर दिसला तरी काम तमाम. कारण आउटलुक एक्सप्रेस मेल दाखवायला इंटरनेट एक्सप्लोररचंच इंजिन वापरायचं, एकाला भोक पडलं की दुसऱ्यालाही पडलंच. ते दोन्ही प्रोग्राम आता गेले, इंटरनेट एक्सप्लोरर तर १५ जून २०२२ ला अधिकृतपणे निवृत्त झाला. पण विंडोज फाईलच्या नावाचा शेवटचा तुकडा आजही लपवतं. पंचवीस वर्षं झाली! मला हे अजून कळलेलं नाही.

तर सुरुवात तिथूनच करा.

पहिली पायरी: लपवलेलं नाव दाखवायला लावा

विंडोज ११ मध्ये कुठलाही फोल्डर उघडा, वर व्ह्यू, त्यात खाली शो, त्यात फाईल नेम एक्स्टेन्शन्स वर टिक. झालं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आता 'इनव्हॉइस पीडीएफ' म्हणून आलेली फाईल खरंच पीडीएफ आहे का 'इनव्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' आहे ते डोळ्यांना दिसेल. शेवटचा तुकडा ईएक्सई, एमएसआय, बॅट, जेएस, व्हीबीएस, एससीआर, एलएनके, एचटीए यातला काही असेल आणि ती फाईल मेलवर आली असेल तर ती उघडायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी नाही. चिन्हावर जाऊ नका, चिन्ह पीडीएफचं लाल लावणं कुणालाही जमतं.

मग विंडोजचं वय बघा

ब्राउझर कितीही चांगला घेतला आणि खाली विंडोज म्हातारं असेल तर उपयोग नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती लोकांना त्यापुढे ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तशी लिंक येते. विंडोज ७ वाल्यांना तर क्रोमनं २०२३ मध्येच हात जोडले, १०९ हे त्यांच्यासाठीचं शेवटचं व्हर्जन. असं मशीन अजून चालतंय म्हणून लोक येतात माझ्याकडे, मशीन चालतंय हो, पण त्यावर बँक उघडू नका. लिनक्स मिंट टाकून घ्या आणि फक्त नेट बघायला वापरा, फुकट आहे, नाहीतर ते मशीन नेटला न जोडता टॅली-टायपिंगला ठेवा. माझा भाचा इंजिनिअर आहे, त्याला काहीही विचारलं तरी "मावशी, मॅक घे" एवढंच येतं. मॅकवरही पासवर्ड चोरणारे व्हायरस येतात, आणि मॅकच्या पैशात माझं कलर झेरॉक्स मशीन येतं.

आता ब्राउझर

खरं सांगायचं तर क्रोम, एज, फायरफॉक्स यातला कुठलाही एक चालेल. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे आतून एकाच क्रोमियमवर बनलेत, फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे. धोक्याच्या साईटची यादी तिघांकडेही आहे: क्रोम आणि फायरफॉक्स गुगलची सेफ ब्राउझिंग वापरतात, एज मायक्रोसॉफ्टचं स्मार्टस्क्रीन. त्यामुळे कुठला चांगला यावर वाद घालण्यापेक्षा तो अपडेट होतोय का ते बघा. उजवीकडे वर तीन टिंबं (फायरफॉक्समध्ये तीन रेघा), हेल्प, अबाऊट. तिथे गेलं की तो स्वतःच तपासतो आणि अपडेट उतरवतो.

इथे एक गोची आहे जी मी रोज बघते. अपडेट उतरतं पण ब्राउझर बंद करून परत चालू केल्याशिवाय लागू होत नाही, आणि आपले लोक लॅपटॉप बंदच करत नाहीत, नुसतं झाकण मिटतात, चाळीस टॅब तसेच, महिनोन्महिने. वर कोपऱ्यात रीलाँच म्हणून बटण येऊन बसलेलं असतं बिचारं. ते दाबा. टॅब परत येतात.

आणि हो, "तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे क्लिक करून अपडेट करा" असं वेबसाईटच्या पानावर मधोमध आलं तर ते खोटं. ब्राउझरचं अपडेट ब्राउझरच्या मेनूतच येतं, बातम्यांच्या किंवा पिक्चरच्या साईटवर येत नाही.

मी स्वतः कुठला वापरते? दुकानात दोन आहेत. गिऱ्हाईकांच्या कामाला क्रोम, कारण सरकारी पोर्टलं त्याच्यावरच नीट चालतात असा माझा अनुभव, आणि माझ्या स्वतःच्या कामाला, म्हणजे शोधाशोध आणि डाऊनलोडला, फायरफॉक्स. त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे. बँकेसाठी जमलं तर वेगळा ब्राउझर ठेवा ज्यात दुसरं काहीही उघडायचं नाही, एकही एक्स्टेन्शन (फाईलच्या नावातलं नव्हे, ब्राउझरला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकायचं नाही. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती, तेव्हा बँकेचं पान उघडलं की पत्त्याचा शेवट वाचायची सवय लावा.

जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, आणि फक्त तेवढंच टाका

ही पायरी लोकांना फालतू वाटते आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण मी स्वतः इथेच आपटलेय. दोन वर्षांपूर्वी, फॉर्म भरायचे शेवटचे दिवस, दुकानात गर्दी, आणि प्रिंटरनं दम तोडला. ड्रायव्हर परत टाकू म्हणून मी प्रिंटरचं मॉडेल टाकून सर्च केलं आणि सगळ्यात वर आलेल्या लिंकवर क्लिक केलं. वर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलं होतं, म्हणजे ती जाहिरात होती, कंपनीची साईट नव्हतीच, पण हिरवं मोठं डाऊनलोड बटण दिसल्यावर कोण वाचतंय. टाकलं. प्रिंटर काही चालला नाही, ब्राउझरचं पहिलं पान मात्र बदललं, काहीही सर्च केलं की भलतीकडेच जायला लागलं आणि मशीन असं हळू झालं की एक पीडीएफ उघडायला चहा होऊन यायचा. रविवार गेला फॉरमॅट मारण्यात. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना हेच सांगितलं होतं की सर्चमधल्या जाहिरातींतून फसवणूक होते, ॲड ब्लॉकर वापरा. मी ते नंतर वाचलं, अर्थातच.

फायरफॉक्सवर युब्लॉक ओरिजिन टाका. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलले त्यामुळे तिथे आता पूर्ण युब्लॉक ओरिजिन चालत नाही, त्याचं हलकं रूप युब्लॉक ओरिजिन लाईट चालतं, तेही काही वाईट नाही. नाव अक्षर न् अक्षर बघून घ्या, जवळपासच्या नावाची बरीच पिलावळ आहे. बाकी कूपन दाखवणारं, पीडीएफचं वर्ड करणारं, व्हिडिओ उतरवणारं, असली एक्स्टेन्शनं काढून टाका. एक्स्टेन्शनला बहुतेक वेळा प्रत्येक पान वाचायची परवानगी असते, बँकेचंही, आणि आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या मालक कुणाला विकून टाकेल ते आपल्याला कोण सांगतंय?

खाली उजवीकडे येणारे 'व्हायरस'

एक रिटायर्ड सर आले होते, लॅपटॉप छातीशी धरून, जसं आजारी पोर आणलंय. म्हणाले, "अगं, पाच व्हायरस सापडलेत म्हणतंय, सारखं खाली उजवीकडे येतंय, पैसे भरा म्हणतंय." मी उघडून बघितलं तर व्हायरस एकही नव्हता. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अकरा साईट परवानगी घेऊन बसलेल्या, त्यातली एक राशिभविष्याची.

"सर, तुम्ही कधी अलाऊ दाबलं होतं का?"

"दाबलं असेल गं, दाबल्याशिवाय पुढेच जात नव्हतं."

अकराच्या अकरा उडवल्या आणि वर पर्याय असतो, साईटला नोटिफिकेशन विचारूच देऊ नका, तो लावून दिला. तीन मिनिटं. सर पैसे द्यायला लागले, मी म्हटलं राहू दे, एक आधार झेरॉक्सचे द्या. तुम्हीही आत्ता जाऊन बघा, तुमच्याकडेही दोन-चार असतील. आणि पूर्ण स्क्रीन भरून भोंगा वाजायला लागला, फोन नंबर आला, तर तो नंबर लावायचा नाही. एस्केप बटण दाबून धरा, नाहीतर अल्ट आणि एफ४. तेही नाही झालं तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून ब्राउझर संपवा. परत उघडल्यावर तेच पान परत उघडू का विचारेल, नको म्हणा.

मेल: ब्राउझरमध्येच बघा

नवीन माणसाला माझा सल्ला असतो की मेलसाठी वेगळं सॉफ्टवेअर घेऊच नका, जीमेल असो की आउटलुक डॉट कॉम, ब्राउझरमध्ये उघडा. जीमेल ईएक्सई, जेएस असल्या फाईली येऊच देत नाही, झिपमध्ये घालून पाठवल्या तरी अडवतं, आणि अटॅचमेंटवर क्लिक केलं की तिथल्या तिथे दाखवतं. वाचायचंच आहे ना, मग डाऊनलोड कशाला? प्रिंट हवी असेल तर तिथूनही देता येते. माझ्याकडे लोक मेल करतात तेव्हा मी निम्म्या फाईली उतरवतच नाही.

पण ज्यांना चार-पाच अकाउंटं सांभाळायची आहेत, किंवा ऑफिसचा मेल मशीनवर ठेवायचाय, त्यांनी थंडरबर्ड घ्यावं. फुकट आहे, मोझिलाचं आहे, बाहेरून येणारी चित्रं ते मुळातच अडवून ठेवतं म्हणजे तुम्ही मेल उघडला हे पाठवणाऱ्याला कळत नाही, आणि व्ह्यू मध्ये मेसेज बॉडी ॲज, प्लेन टेक्स्ट केलं की मेलमधली सगळी नटवानटवी जाऊन नुसती अक्षरं राहतात आणि लिंक खरी कुठे जाते ते उघडं पडतं. दिसायला ओबडधोबड होतं पण हिशोबाच्या मेलला मला तेच आवडतं. विंडोजचं जुनं मेल ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झालं आणि त्याजागी नवीन आउटलुक आलं, ते वापरायला हरकत नाही, फक्त एवढं माहीत असू द्या की त्यात बाहेरचं अकाउंट जोडलं तर तुमचा मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधूनही जातो.

मेल कशातही बघा, तीन गोष्टी आल्या की थांबायचं. झिप फाईल आणि तिचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला, हा पासवर्ड तुमच्यासाठी नसतो, मेल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आत डोकावता येऊ नये म्हणून असतो. दुसरं, एचटीएमएल फाईल जोडलेली, जी उघडली की लॉगिनचं पान येतं. तिसरं, वर्ड-एक्सेलची फाईल जी उघडल्यावर 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणते. नेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो, म्हणजे फाईलच्या आत लिहिलेल्या कमांड, मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून अडवायला सुरुवात केली, पण विंडोजनं त्या फाईलवर 'नेटवरून आली' अशी खूण केलेली असेल तरच हे चालतं, आणि साध्या पेन ड्राईव्हवरून फाईल फिरवली की ती खूण पुसली जाते. आमच्या दुकानात तर अर्धा कारभार पेन ड्राईव्हवरच.

'मी रोबोट नाही' वाली नवीन चाल

हे गेल्या दोनेक वर्षांत वाढलंय. साईट म्हणते की तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, त्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. आपण भोळेपणानं दाबतो. झालेलं असं असतं की त्या पानानं आधीच एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे, ठेवलेली असते आणि तुम्ही ती आपल्या हातानं चालवून व्हायरस आत घेता, ब्राउझरची बंद खोली, तपासणी, सगळं बाजूला राहतं. कुठलीही खरी साईट हे बटण दाबायला लावत नाही. कुठलीही म्हणजे कुठलीही.

असे व्हायरस बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डच उचलतात. म्हणून दुकानातल्या, ऑफिसातल्या मशीनवर पासवर्ड सेव्ह करू नका. घरी फायरफॉक्स असेल तर प्रायमरी पासवर्ड लावा, आणि मेलला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू करा, कारण मेल गेला की बाकी सगळ्याचे पासवर्ड त्याच मेलवरून बदलता येतात.

आणि अँटिव्हायरस?

विंडोजमध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस असतोच, घरच्या वापराला तो पुरतो असं माझं मत. पुण्याचं क्विक हील घ्या, आणखी कुठलं घ्या, माझी ना नाही, पण दोन-दोन टाकू नका, एकमेकांत भांडतात आणि मशीन रडतं. लॅपटॉपसोबत आलेली ट्रायल घ्यायची नसेल तर काढून टाका, मग डिफेंडर चालू आहे ना तेवढं बघा. आणखी एक, रोजच्या वापराला ॲडमिन नसलेलं साधं अकाउंट करा, बहुतेक प्रोग्राम इन्स्टॉल करायचे म्हटलं की पासवर्ड विचारतं. दुकानातली पोरं यावरून माझ्यावर चिडतात.

उघडलीच फाईल तर

लपवू नका, लाजू नका. आधी वायफाय बंद. मग विंडोज सिक्युरिटीत जाऊन स्कॅन ऑप्शन्समधला ऑफलाईन स्कॅन लावा, मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं जातात. तोपर्यंत फोनवरून, त्या लॅपटॉपवरून नाही, मेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साईन आऊट' हे करा, कारण चोरलेलं लॉगिन कधीकधी पासवर्ड बदलल्यावरही चालू राहतं. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून, त्यांच्या साईटवर सफाईची टूल फुकट मिळतात. पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावा, जितक्या लवकर लावाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार करा. तो मेल रागानं डिलीट करू नका, तक्रारीला तोच लागतो, आणि माझ्याकडे प्रिंट काढायला आलात तर फॉरवर्ड करू नका, स्क्रीनशॉट आणा.